कार्ब्युरेटरवरील डॅशपॉट : प्रयोजन, कार्य आणि निगा

कार्ब्युरेटरचा काळ आता सरत आला आहे. मुंबईची ओळख बनलेली काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून निवृत्त झाली. दुचाकींमध्ये तग धरून राहिलेला कार्ब्युरेटरही १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यावर नव्या वाहनांतून जवळजवळ हद्दपार झाला. तरीही जुनी वाहने जपणारे लोक आहेत आणि ती दुरुस्त करणारे हातही आहेत. आपल्या वसतिगृहातून बाहेर पडून आयटीआयमार्गे मोटार दुरुस्तीच्या व्यवसायात स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांचे हात त्यांत आहेत. म्हणून या स्मरणिकेत आम्ही कार्ब्युरेटरच्या एका लहानशा, बहुधा दुर्लक्षित राहणाऱ्या भागाचा अभ्यास मांडत आहोत. तो भाग म्हणजे डॅशपॉट.

तत्त्व

डॅशपॉटचे तत्त्व अगदी साधे आहे. बंद डबीतील हवा किंवा तेल बारीक छिद्रातून बाहेर ढकलायचे असेल तर वेळ लागतो. जोर वाढवला तर विरोधही वाढतो. कार्यालयाच्या दारावर बसवलेला डोअर क्लोजर आपण रोज पाहतो. दार सोडून दिले तरी ते आदळत नाही, सावकाश मिटते. तो एक प्रकारचा डॅशपॉटच होय. गती थांबवणे हे त्याचे काम नाही. गतीला आवर घालणे हे त्याचे काम आहे.

थ्रॉटल एकदम मिटला तर काय होते?

ॲक्सिलरेटरवरून पाय उचलताच स्प्रिंगच्या ओढीने थ्रॉटलची झडप क्षणात मिटते. इंजिन मात्र अजून वेगाने फिरत असते आणि हवा ओढू पाहत असते. वाट बंद झाल्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमधील दाब एकदम खाली येतो. मॅनिफोल्डच्या भिंतींवर पेट्रोलचा पातळ थर नेहमीच साचलेला असतो. दाब उतरताच त्या थराची झपाट्याने वाफ होते. हवा थोडी आणि पेट्रोल जास्त अशी स्थिती काही क्षण निर्माण होते. असे मिश्रण नीट पेटत नाही, इंजिन अडखळते आणि कधी बंदही पडते.

हाताने गियर बदलण्याच्या गाडीत हा धोका कमी असतो. गाडी गियरमध्ये असेपर्यंत चाकेच इंजिनाला फिरवत ठेवतात आणि थांबण्यापूर्वी चालक क्लच दाबून इंजिनावरचा भार काढून घेतो. आपल्याकडील अनेक जुन्या गाड्यांत हा डॅशपॉट दिसत नाही, त्याचे हेच कारण. ऑटोमॅटिक गियरच्या गाडीत मात्र क्लचचे पेडल नसते. टॉर्क कन्व्हर्टरमधील तेल घुसळण्याचा भार गाडी उभी असतानाही इंजिनावर राहतो. अशा वेळी पाय अचानक उचलून ब्रेक दाबला की फेरे मंदगतीच्याही खाली घसरतात आणि इंजिन दम सोडते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ऑटोमॅटिक गाड्यांचा प्रसार झाला, तसा तेथील कार्ब्युरेटरांवर डॅशपॉटही सर्रास दिसू लागला.

ही केवळ गैरसोयीची बाब नव्हे. इंजिन बंद पडले की पॉवर स्टिअरिंग जड होते. ब्रेकला साहाय्य करणाऱ्या बूस्टरमध्ये साठलेला निर्वात एक-दोनदा ब्रेक दाबण्यापुरताच पुरतो. उतारावर किंवा गर्दीच्या चौकात हे घडले तर प्रश्न जिवाचा होतो.

रचना व कार्य

थ्रॉटलच्या दांड्यासमोर ब्रॅकेटवर एक छोटी गोल डबी बसवलेली असते. तिच्यात रबरी पडदा, त्यामागे स्प्रिंग आणि पडद्याला जोडलेली एक दांडी असते. ॲक्सिलरेटर दाबला की थ्रॉटलचा दांडा दूर सरकतो, डबीतली दांडी स्प्रिंगमुळे बाहेर येते आणि डबीत हवा भरते. पाय उचलल्यावर थ्रॉटल आपला बहुतेक प्रवास मोकळेपणाने करतो. अगदी शेवटच्या टप्प्यात त्याचा दांडा डबीच्या दांडीवर टेकतो. आता पडदा मागे जायचा तर आतील हवा बारीक छिद्रातूनच बाहेर पडली पाहिजे. त्यामुळे झडप पूर्ण मिटायला थोडा अधिक अवधी लागतो. तेवढ्यात भिंतींवरचे पेट्रोल जळून जाते आणि इंजिन न अडखळता मंदगतीवर स्थिरावते.

पुढे डॅशपॉटला दुसरे प्रयोजन मिळाले. थ्रॉटल झटकन मिटल्यावर न जळलेले पेट्रोल हायड्रोकार्बनच्या रूपाने धुरांड्यातून बाहेर पडते. कॅलिफोर्नियाने १९६६ च्या आणि संपूर्ण अमेरिकेने १९६८ च्या मॉडेलांपासून धुरावर मर्यादा घातल्या. त्यानंतर हाताने गियर बदलण्याच्या गाड्यांवरही डॅशपॉट दिसू लागला. इंजिन बंद पडू नये म्हणून जन्मलेला भाग हवा स्वच्छ राखण्याच्या कामी आला.

एक नाव, दोन कामे

येथे विद्यार्थ्यांचा हमखास गोंधळ होतो. इंग्लंडमधील स्किनर बंधूंच्या एसयू कार्ब्युरेटरमध्येही डॅशपॉट असतो. मॉरिस मायनर आणि एमजी या गाड्यांत हा कार्ब्युरेटर होता. त्याचे काम मात्र जवळजवळ उलटे आहे. तेथे तेलात बुडालेला डँपर आतल्या पिस्टनला एकदम वर उसळू देत नाही. थ्रॉटल अचानक उघडल्यावर पिस्टन सावकाश चढतो, त्यामुळे जेटवरील हवेचा वेग वाढतो आणि पेट्रोल अधिक ओढले जाते. थोडक्यात, पहिला डॅशपॉट पाय उचलताना गाडी सांभाळतो आणि दुसरा पाय दाबताना. एसयूमधील तेल संपले तर वेग घेताना गाडी गचके खाते. पहिल्या प्रकारच्या डबीत मात्र तेल कधीही घालू नये. तिथे हवेचेच काम आहे.

तपासणी व जुळवणी

इंजिन बंद ठेवून डबीची दांडी बोटाने आत दाबावी. ती विरोध करीत सावकाश आत गेली आणि सोडताच चटकन बाहेर आली तर डॅशपॉट चांगला आहे. विरोधच जाणवला नाही तर पडदा फाटला आहे असे समजावे. दांडी आत जातच नसेल तर छिद्र तुंबले आहे किंवा दांडी अडकली आहे.

जुळवणी करताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी इंजिन पूर्ण गरम करून मंदगती योग्य फेऱ्यांवर आणावी. मग इंजिन बंद करून, थ्रॉटल मिटलेला असताना, दांडी पूर्ण आत दाबून धरावी. तिचे टोक आणि थ्रॉटलचा दांडा यांतील फट फिलर गेजने मोजावी. ही फट प्रत्येक वाहनाच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. फरक आढळल्यास चेकनट सैल करून डबी पुढे-मागे फिरवावी आणि नट पुन्हा आवळावा.

अनेक गॅरेजांत याऐवजी सोपी वाट धरली जाते. गाडी बंद पडते ना, मग मंदगतीचा स्क्रू आवळून फेरे वाढवा! तक्रार तात्पुरती मिटते. पण पेट्रोल जास्त जाते आणि ऑटोमॅटिक गाडी ब्रेक सैल होताच आपोआप पुढे सरकू लागते. एक दोष झाकताना दुसरा, अधिक घातक दोष जन्माला येतो. दुःखावर इलाज करायचा तर त्याच्या कारणापर्यंत पोचले पाहिजे, ही तथागतांची शिकवण यंत्रालाही लागू पडते.

जुळवणीचे मर्मही आपल्या परिचयाचे आहे. डबी फार पुढे घेतली तर थ्रॉटल पूर्ण मिटत नाही आणि गाडी आवरत नाही. फार मागे घेतली तर ती असून नसल्यासारखी होते. सोण भिक्खूला भगवंतांनी वीणेच्या तारेचा दाखला दिला होता : तार अति ताणलेली नको आणि अति सैलही नको. फिलर गेज हातात घेणाऱ्याने हा दाखला ध्यानी ठेवावा.

आज याचा अभ्यास कशासाठी?

आजच्या इंजेक्शन इंजिनांत ती डबी नाही, परंतु तिचे काम टिकून आहे. पाय उचलल्यावर पेट्रोल केव्हा तोडायचे, हवा किती सोडायची आणि फेरे किती हळू उतरवायचे हे आता संगणक ठरवतो. ज्याला डबीचे काम कळले, त्याला संगणकाचे कामही लवकर कळते.

बाबासाहेबांनी १९४२ मध्ये व्हाइसरॉयना सादर केलेल्या निवेदनात अनुसूचित जातींच्या मुलांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे शिक्षण मिळावे, असा आग्रह धरला होता. यंत्राची हमाली करणे आणि यंत्र जाणणे यांतील अंतर त्यांनी ओळखले होते. स्क्रू पिळणारे हात पुष्कळ आहेत. तो का पिळायचा हे सांगू शकणारे थोडे. आपल्या मुलामुलींनी त्या थोड्यांत असावे, एवढ्यासाठीच हा पाठ आम्ही पालकांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या हाती देत आहोत.