नाशिक पायी शिकूया : मुलांसाठी चार वाटा, चार प्रश्न

विषय : परिसर अभ्यास, गणित, मराठी
इयत्ता : तिसरी ते पाचवी (घरच्यांसोबतही करता येईल)



आपल्या शहरातली बरीच मुलं शाळेत व्हॅनने जातात आणि क्लासला स्कूटीवर मागे बसून जातात. त्यांना नाशिकचे सिग्नल माहीत असतात, पण चढ-उतार माहीत नसतात. कुठे रस्ता नदीकडे उतरतो आणि कुठे टेकावर चढतो, हे गाडीत बसून कळत नाही. ते पायांना कळतं.

पुस्तकात नदी आहे, पूर आहे, जुनी वस्ती आहे, शिलालेख आहेत. आपल्या नशिबाने हे सगळं नाशिकमध्ये खरोखर उभं आहे. म्हणून या लेखात चार छोट्या पायवाटा देत आहे. नियम एकच : एका वाटेवर एकच प्रश्न. "आलोच आहोत तर सगळं दाखवून टाकू" असं केलं की आठ वर्षांच्या मुलाच्या लक्षात शेवटी फक्त उसाचा रस राहतो. एकच प्रश्न घेऊन निघालं की मूल त्याचं उत्तर शोधत चालतं.

पूर्वतयारी

फ्रान्समध्ये जुन्या गावांभोवती फिरण्याच्या वाटा आखलेल्या असतात. छोट्या वाटेवर झाडांवर किंवा दगडांवर पिवळी पट्टी रंगवतात, लांब पल्ल्याच्या वाटेवर पांढरी आणि लाल. पट्ट्यांची फुली दिसली की समजायचं, आपली वाट इकडे नाही. आपण कुठेही रंग लावायचा नाही, पण ही कल्पना वहीत वापरता येते. मुलांना कोरा कागद द्या. चालताना प्रत्येक वळणावर त्यांनी स्वतःची खूण काढायची : पिंपळ, पाणपोई, पितळी भांड्यांचं दुकान, निळा दरवाजा. घरी आल्यावर त्या खुणांवरून नकाशा तयार होतो.

बाकी तयारी नेहमीचीच : पाण्याची बाटली, टोपी, पायात घट्ट बसणारे बूट. शाळेची सहल असेल तर मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांचं संमतिपत्र घ्यावं. पाच-सहा मुलांमागे एक मोठा माणूस हवाच. सकाळी लवकर निघावं. सण, अमावास्या, पर्वणी अशा गर्दीच्या दिवशी नदीकाठ टाळावा.

वाट पहिली : नदीकाठ
*प्रश्न : पाणी कुठपर्यंत आलं होतं?*

रविवार कारंजा, सुंदरनारायण मंदिर, अहिल्याबाई होळकर पूल, मग पंचवटीच्या बाजूने रामकुंड, दुतोंड्या मारुती आणि नारोशंकराचं मंदिर. अंतर साधारण एक किलोमीटर. लहान मूलही सहज चालतं.

पुलावर थांबून होकायंत्र काढा. मोबाइलमधलंही चालेल. रामकुंडाजवळ गोदावरी दक्षिणेकडे वळते, ते मुलांना स्वतः पाहू द्या. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली ही नदी १४६५ किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. त्या लांबलचक प्रवासात आपलं नाशिक अगदी सुरुवातीला येतं.

आता दुतोंड्या मारुती. पूर आला की नाशिककर आकडा विचारत नाहीत, "मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलंय?" असं विचारतात. गुडघा, कंबर, छाती, गळा हीच आपली मोजपट्टी. नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलं म्हणजे महापूर. हे मंदिर १७४७ सालचं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्या विजयाची आठवण म्हणून ही घंटा ओळखली जाते. मुलांना मारुतीपाशी उभं करून घंटेकडे पाहायला सांगा. या दोन उंचींमधला फरक डोळ्यांनी पाहिला की 'महापूर' या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

कृती १ : पावसाळ्यात बातमी येते, "गंगापूर धरणातून १०,००० क्युसेक विसर्ग." एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, म्हणजे वीस लिटरची जवळजवळ दीड बादली. मग १०,००० क्युसेक म्हणजे दर सेकंदाला किती बादल्या?

कृती २ : घरी आजी-आजोबांना विचारा : १९६९, २००८, २०१६, २०१९ यांपैकी कोणता पूर तुम्ही पाहिला? तेव्हा तुम्ही कुठे होतात?

*सूचना :* ही वाट दिवाळीनंतर ते उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंतच करावी. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की काठावरचं पाणी वेगाने वाढतं. पूर दाखवायला मुलांना काठावर नेऊ नये.

वाट दुसरी : जुनं नाशिक
*प्रश्न : गाव टेकांवर का वसलं?*

सराफ बाजार, पेशवेकालीन सरकारवाडा, तिवंधा, तांबट आळी हा भाग. अंतर थोडं, पण चढ-उतार आणि वळणं पुष्कळ. मुलांनी वहीत फक्त दोन चिन्हं काढायची : रस्ता चढला की वर बाण, उतरला की खाली बाण.

'नाशिक' या नावाच्या दोन कथा मुलांना सांगा. एक शूर्पणखेच्या नाकाची, म्हणजे नासिकेची. दुसरी नवशिखांची : नऊ टेकांवर वसलेलं गाव. कोणती खरी, हा निकाल आपण द्यायचा नाही. वहीतले बाण मोजायला सांगायचे.

याच भागात नदीजवळ जुनी गढी आहे. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी नाशिकला उत्खनन केलं, त्यात दोन हजार वर्षांहून जुन्या वस्तीचे पुरावे मिळाले. गढीचे मातीचे कडे ढासळतात, म्हणून ती लांबूनच दाखवावी. मुलांना चढू देऊ नये.

इथे पहिल्या वाटेचा उपयोग होतो. मोठ्या पुरात सराफ बाजारात पाणी शिरतं, हे मुलांना घरच्यांकडून कळलेलं असतं. "मग टेकावरच्या घरात शिरलं होतं का?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. उत्तर मुलांकडूनच येऊ द्या.

वाट तिसरी : पंचवटी
*प्रश्न : हा दरवाजा कुणासाठी बंद होता?*

कपालेश्वर, काळाराम मंदिर, सीता गुंफा. ही सगळ्यांत लहान वाट. कपालेश्वरासमोर नंदी नाही, हे मुलं लगेच हेरतात. त्यांना शोधू द्या, आधी सांगू नका.

काळाराम मंदिर अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकर यांनी काळ्या पाषाणात बांधलं. दगड, कमानी, कळस जरूर दाखवा. पण बरेच जण तिथेच थांबतात. आपण पुढे जायचं आहे.

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. नाशिकमध्ये दादासाहेब गायकवाड यांनी त्याची मोठी जबाबदारी उचलली. मंदिराचे दरवाजे बंद ठेवले गेले आणि स्त्री-पुरुष सत्याग्रही त्या दरवाज्यांसमोर बसले. हा लढा काही वर्षं चालला. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.

मुलं विचारतात, "पण का नव्हते जाऊ देत?" हा प्रश्न टाळू नये. "तो जुना काळ होता" म्हणून उडवूनही लावू नये. साध्या शब्दांत सांगावं : काही माणसांना जन्मावरून कमी लेखलं जात होतं. विहीर, रस्ता, देऊळ त्यांच्यासाठी बंद होतं. ते अन्यायाचं होतं, आणि ज्यांच्यावर अन्याय झाला ते स्वतः उभे राहिले. आज आपल्या संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता बंद केली आहे.

शिक्षकांसाठी एक कळकळीची सूचना. हे सांगताना वर्गातल्या कोणत्याही मुलाकडे बोट किंवा नजर जाऊ नये, आणि कुणाची जात विचारली जाऊ नये. आपल्या वर्गातलं प्रत्येक मूल त्या दरवाज्यासमोर ताठ मानेने उभं राहिलं पाहिजे. नेमकं त्यासाठीच ते आंदोलन होतं.

कृती : "आपल्या शाळेत, सोसायटीत, खेळात आपण कुणाला बाहेर ठेवतो का?" यावर पाच ओळी लिहा. नाव लिहायचं नाही.

वाट चौथी : पांडवलेणी
*प्रश्न : भिंतीवरचा हिशोब जुळतो का?*

शहरापासून साधारण आठ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत त्रिरश्मी डोंगर आहे. पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक. फाळके १८७० साली आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मले. वर पायऱ्यांनी चढून गेलं की २४ लेणी. नाव पांडवांचं असलं तरी लेणी बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी आणि उपासनेसाठी कोरलेली आहेत. पायऱ्या मुलांनाच मोजू द्या. प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो आणि मग परत येताना पुन्हा मोजणी होते.

तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. ती गौतमीपुत्र सातकर्णीची आई. राजाच्या नावात आईचं नाव आहे, हे मुलांना फार आवडतं.

दहाव्या लेण्यात थांबा. इथे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, ब्राह्मी लिपीतला, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्याने ३००० कार्षापण म्हणजे नाणी गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन संघांकडे ठेव म्हणून ठेवली. २००० नाण्यांवर दरमहा शेकडा एक व्याज आणि १००० नाण्यांवर शेकडा पाऊण. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ नाणी द्यायची.

कृती : वही काढा. १०० ला १, तर २००० ला महिन्याला २०. बारा महिन्यांचे २४०. आता २० भिक्षू गुणिले १२ नाणी? तेही २४०! दगडात कोरलेला हिशोब आपल्या वहीत तंतोतंत जुळतो. हजार नाण्यांच्या ठेवीचं वर्षाचं व्याज मोठ्या मुलांनी काढावं. (उत्तर : ९०)

"व्याज कशाला शिकायचं?" असं विचारणाऱ्या मुलाला याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

*सूचना :* पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. कातळावर मधमाश्यांची पोळी असू शकतात, म्हणून आरडाओरडा, धूर, अत्तर टाळावं. पावसात पायऱ्या निसरड्या होतात. भिंतीवर हात घासू नये, नाव तर मुळीच कोरू नये. "उषवदाताचं नाव आहे की!" असं एखादं हुशार मूल म्हणेल. त्याला सांगा, त्याने आधी ३००० नाणी दिली होती!

घरी आल्यावर

लगेच निबंध लिहायला लावू नका. दुसऱ्या दिवशी तीनच गोष्टी विचारा : काय पाहिलं? काय मोजलं? काय अजून कळलं नाही? तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं जपून ठेवा, त्यांतून पुढचा पाठ तयार होतो.

पालकहो, चारही वाटा एका दिवसात करू नका. महिन्याला एक पुरे. खर्च रिक्षाचा किंवा बसचा, आणि वेळ दोन-तीन तासांचा. मुलाच्या पावलाने चाला, ते जिथे थांबेल तिथे थांबा. आणि आपलं गाव नाशिक नसेल, तरी त्याला नदी किंवा ओढा असेल, एखादा जुना दरवाजा असेल, पूर किंवा दुष्काळ पाहिलेली आजी असेल. प्रश्न एक ठरवा आणि निघा.