वर्गमैत्रिणी

माघ सरत आला, की शाळांतील दहावीच्या वर्गांना निरोपाचे वेध लागतात. वाशीम जिल्ह्यातील जऊळक्यासारखे रेल्वेच्या रुळांकाठचे गाव असो की पुण्यासारखे मोठे शहर असो, देखावा सगळीकडे सारखाच असतो. बाके अंगणात मांडली जातात. ठेंगणी मुले पुढे आणि उंच मुले मागे अशा रांगा लागतात आणि छायाचित्र निघते. काल ज्याच्याशी अबोला धरला होता, त्याच्याच खांद्यावर आज हात असतो. मग परीक्षा होते, निकाल लागतो आणि वर्ग पांगतो. कोणी शेतावर जातो, तर कोणी आगगाडीत बसून दूरच्या गावी शिकावयास जातो. वर्ग पांगला, म्हणजे वर्गातील नातेही संपले काय? या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या दोन मुलींच्या चरित्रांत सापडते.

त्यांतील पहिली इरावती करमरकर. वऱ्हाडातील मुलांना कापसाचा व्यापार नवा नाही. याच व्यापाराने इरावतीच्या वडिलांना समुद्रापलीकडे नेले होते. गणेश हरि करमरकर हे ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, कापसाच्या एका कंपनीत नोकरीस होते. तेथे १५ डिसेंबर १९०५ रोजी त्यांना कन्या झाली. ज्या मोठ्या नदीच्या पाण्यावर तो देश जगतो, त्या इरावती नदीचेच नाव आईबापांनी मुलीला दिले. मुलगी सात वर्षांची झाली, तेव्हा तिच्या शिक्षणाचा प्रश्न उभा राहिला. करमरकरांनी मन घट्ट केले आणि लेकीला पुण्यास हुजूरपागेच्या शाळेत ठेवले. सात वर्षांचे पोर, आईबाप समुद्रापार आणि भोवती वसतिगृहाच्या परक्या भिंती! त्या बालमनाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

हुजूरपागा या नावाला इतिहास आहे. पेशवाईत त्या जागी सरकारी घोड्यांची पागा होती. तेथेच पुढे मुलींचे हायस्कूल उभे राहिले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी सुधारकांनी १८८४ साली ही शाळा काढली, तेव्हा पुण्यात मोठे वादळ उठले. मुलींनी इंग्रजी शिकावे, गणित सोडवावे, हे अनेकांना रुचले नाही. शाळा मात्र टिकली, वाढली. मुलींना शिकवू इच्छिणारे पालक दूरदूरच्या गावांहून आपल्या लेकी तेथे पाठवू लागले.

याच शाळेत इरावतीला शकुंतला परांजपे ही वर्गमैत्रीण लाभली. शकुंतलेचा जन्म १७ जानेवारी १९०६ चा. म्हणजे ती इरावतीहून जेमतेम एका महिन्याने धाकटी. दोघींच्या वयांत अंतर नव्हते, पण परिस्थितीत फार होते. शकुंतला ही रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांची एकुलती एक मुलगी. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८९९ साली पहिल्या क्रमांकाचा मान मिळवणारे ते पहिले भारतीय होते आणि पुण्यात फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. एकीचे घर पुण्यातच, ग्रंथांनी भरलेले. दुसरीचे घर ब्रह्मदेशात.

मुले शाळेतून घरी नाना वस्तू आणतात. कोणी चिंचा आणतो, कोणी मांजराचे पिल्लू आणतो. शकुंतलेने घरी मैत्रीण आणली. परांजपे पतिपत्नींना या गुणी मुलीचा लळा लागला. शकुंतलेच्या आईने तिला आपल्याच घरी राहावयास आणले आणि एकुलत्या एका लेकीच्या घरात दुसरी लेक वाढू लागली. रँग्लर परांजप्यांना ती 'अप्पा' म्हणे. या घरात पुस्तकांना मज्जाव नव्हता आणि प्रश्न विचारण्यास बंदी नव्हती. देवाधर्माविषयीचे प्रश्नही जेथे मोकळेपणाने विचारावेत, असे घर त्या काळी विरळाच. तेथे येणाऱ्या विद्वान पाहुण्यांची संभाषणे कानांवर पडत. मानववंशशास्त्र नावाचे काही शास्त्र आहे, याची गोडी इरावतीला याच काळात लागली.

येथे क्षणभर थांबून शकुंतलेचा विचार करावयास हवा. आईबापांच्या मायेत वाटेकरी आलेला मुलांना सहजी सोसत नाही. आपले खेळणे दुसऱ्याला देताना जीव कासावीस होतो. शकुंतलेला तर आईबापच वाटून द्यावयाचे होते. मोठ्या माणसांनी घराचे दार उघडले हे खरे, पण ज्या मैत्रीमुळे ते उघडले, ती या मुलीची होती. इरावतीच्या चरित्रातील पहिला उपकार एका वर्गमैत्रिणीचा आहे, हे विसरता येत नाही.

१९२२ साली इरावती मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाली. त्या काळी ही परीक्षा मुंबई विद्यापीठ घेत असे. आज दहावीची परीक्षा देणाऱ्या मुलींना यात विशेष वाटणार नाही. परंतु बालविवाहाला आळा घालणारा सारडा कायदा १९२९ साली संमत झाला, आणि त्यानेही मुलीच्या लग्नाचे वय अवघे चौदा ठरविले. असा कायदादेखील जेव्हा नव्हता, त्या दिवसांत सोळा वर्षांची मुलगी लग्नाच्या नव्हे, तर परीक्षेच्या मांडवात बसली होती. पुढे फर्ग्युसन कॉलेजात तत्त्वज्ञान हा विषय घेऊन तिने १९२६ साली बी. ए. ची पदवी मिळविली आणि १९२८ साली मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली एम. ए. केले.

यानंतर दोघी मैत्रिणींच्या वाटा निराळ्या झाल्या. दोघी युरोपात गेल्या, त्याही वेगवेगळ्या देशांत. इरावतीचा विवाह महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी झाला होता. पतीच्या प्रोत्साहनाने ती १९२८ साली जर्मनीत बर्लिनला गेली. तिला काम मिळाले ते निरनिराळ्या वंशांच्या माणसांच्या कवट्या मोजण्याचे. युरोपीय माणसाच्या कवटीची घडणच त्याच्या श्रेष्ठ बुद्धीची साक्ष देते, असे तेथील काही पंडितांना वाटत असे. इरावतीने मोजमापे घेतली. त्यांत वंशानुसार तसा भेद आढळला नाही. परक्या देशात, गुरूच्या मताविरुद्ध, हातात आलेले उत्तर लिहावे की लिहू नये? तिने ते लिहिले. १९३० साली डॉक्टरेट मिळवून ती मायदेशी परतली.

शकुंतला गेली केंब्रिजला. वडिलांनी ज्या विद्यापीठात गणित गाजविले, तेथेच तीस वर्षांनी, १९२९ साली, लेकीने गणिताची परीक्षा दिली. त्या काळी तेथे स्त्रियांना परीक्षा देता येई, परंतु पुरुषांच्या बरोबरीने पदवीचा पूर्ण हक्क त्या विद्यापीठाने त्यांना १९४८ साली दिला. गणिताची ही विद्यार्थिनी आयुष्यभर आकडे मांडीत बसेल, असे कोणासही वाटले असते. घडले ते निराळेच. त्यांनी जिनेव्हा येथील आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेत काम केले. नाटके व कथा लिहिल्या. १९३७ सालच्या 'कुंकू' या प्रभातच्या चित्रपटात सुधारक विचारांच्या मुलीची भूमिकाही केली. वारंवारच्या बाळंतपणांनी खंगणाऱ्या स्त्रियांचे हाल पाहून मात्र त्यांनी कुटुंबनियोजनाचे काम हाती घेतले. ज्या विषयाचे नाव काढताच लोक कानांवर हात ठेवीत, तो विषय घेऊन शकुंतलाबाई खेड्यापाड्यांतील घरांपर्यंत गेल्या. राज्याच्या विधान परिषदेत आणि १९६४ ते १९७० या काळात राज्यसभेतही त्यांनी काम केले. १९९१ साली त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला. ३ मे २००० रोजी त्या निवर्तल्या.

वाटा निराळ्या झाल्या, तरी त्या अधूनमधून एकमेकींस छेदीत राहिल्या. कुटुंबनियोजनाच्या कार्यात शकुंतलाबाईंना ज्यांचे मार्गदर्शन लाभले, ते रघुनाथ धोंडो कर्वे हे इरावतीबाईंचे थोरले दीर. एकीने दुसरीला आईबापांच्या घरात जागा दिली होती. पुढे दुसरीच्या सासरच्या घरातून पहिलीला कार्याची दिशा मिळाली.

इरावतीबाई १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि अखेरपर्यंत तेथेच रमल्या. माणसांची मोजमापे घेत त्या देशभर हिंडल्या. पंढरीच्या वारीबरोबर त्या पायी चालल्या. पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालविणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी त्या एक होत्या. भारतातील नातेसंबंधांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. महाभारतातील व्यक्तींविषयीच्या 'युगान्त' या पुस्तकाला १९६८ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले. चुलता, मावसा, दीर, नणंद ही नाती कोणत्या प्रांतात कशी मानतात, याचा शोध त्यांनी जन्मभर घेतला. त्यांना स्वतःला मात्र बालपणी लाभलेले मोठे नाते रक्ताचे नव्हते, शाळेतील मैत्रीतून उमललेले होते.

त्यांच्या 'परिपूर्ती' नावाच्या लेखात एक गोड प्रसंग आहे. एका सभेत त्यांची ओळख करून दिली जाते. अमक्यांची कन्या, अमक्यांची सून, अमक्यांची पत्नी असे सर्व सांगून होते; तरी काहीतरी उणे राहिले, अशी रुखरुख त्यांना लागते. पुढे रस्त्याने जाताना शाळकरी मुलांचा घोळका भेटतो. त्यांतील एक जण सोबत्यांना सांगतो, की ही आपल्या वर्गातल्या मुलाची आई. तेवढ्याने त्यांची ओळख पुरी होते! विद्वानांच्या सभेत जे उणे राहिले, ते एका वर्गबंधूच्या चार शब्दांनी भरून निघाले.

निरोपाचे छायाचित्र काही वर्षांनी पिवळे पडते. त्यातील काही चेहऱ्यांची नावेही आठवेनाशी होतात. परंतु आपल्या शेजारी बसणारे एखादे मूल घर दुरावल्यामुळे मुके झालेले असते. त्याला कोणीतरी 'आमच्या घरी चल' म्हणण्याचा अवकाश असतो. शकुंतलेने तसे केले. दोघींपैकी कोणीही दुसरीसारखी झाली नाही. ज्या त्या आपापल्या वाटेने गेल्या. मात्र त्यांतील एकीची वाट वर्गमैत्रिणीच्या उंबरठ्यावरून गेली होती.

स्वाध्याय

१. इरावतीला लहानपणीच आईबापांपासून दूर का राहावे लागले?
२. 'इरावतीच्या चरित्रातील पहिला उपकार एका वर्गमैत्रिणीचा आहे,' असे का म्हटले आहे?
३. बर्लिन येथे इरावतीने दाखविलेले धैर्य तुमच्या शब्दांत सांगा.
४. वाक्यांत उपयोग करा : वेध लागणे, लळा लागणे, मन घट्ट करणे, कानांवर हात ठेवणे.
५. तुमच्या वर्गातील एका सोबत्याचे शब्दचित्र दहा ओळींत रेखाटा. त्याचे गुण सांगाच; पण त्याच्याकडून तुम्हांस काय मिळाले, तेही सांगा.