संगणकातील फेरफार : लॉग फाईलींचे जतन व पुनर्स्थापना

शेंदूरजनाघाट (ता. वरुड, जि. अमरावती) हे संत्र्याच्या कलमांसाठी प्रसिद्ध असलेले गाव होय. येथील एखाद्या संत्राबागेचा सातबारा पाहिला, तर ती आज कोणाच्या नावे आहे, हे कळते. ती त्याच्याकडे कशी आली, हे मात्र गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवहीत पाहावे लागते. खरेदी, वारस, वाटणी, बोजा अशा प्रत्येक बदलास तेथे अनुक्रमांक असतो. सातबाऱ्याची जुनी प्रत आणि त्यानंतरचे सर्व फेरफार हाती असतील, तर आजचा सातबारा पुन्हा सिद्ध करता येतो.

संगणकावरील डेटाबेसची रचनाही अशीच असते. बदल आधी लॉग फाईलीत नोंदला जातो, मग मूळ तक्त्यात. मात्र या फाईली रोज वाढत असल्याने जुन्या फाईली संक्षिप्त करून ठेवणे भाग पडते. तीच गावे, तीच पदनामे हजारदा येतात. संक्षेपक ती एकदा लिहून पुढे केवळ ‘इतकी अक्षरे मागे पाहा’ एवढी खूण ठेवतो. लेंपेल आणि झिव यांनी ही पद्धत १९७७ मध्ये मांडली. १९९२ मधील ‘जीझिप’ तिच्यावरच आधारलेले आहे. यात एकही अक्षर गळत नाही.

धोका अन्यत्र आहे. साध्या फाईलीतील एक अक्षर बिघडले, तर बहुधा एखादी नोंद जाते; संक्षिप्त फाईलीत त्यापुढील मजकूरच वाचता येईनासा होऊ शकतो. जीझिप फाईलीच्या शेवटी पडताळणीचा अंक असतो. तो जुळल्याखेरीज मूळ फाईल पुसू नये. अर्थात, तो जुळला म्हणजे काम संपले, असे समजण्याचे कारण नाही. ती फाईल शाबूत आहे, एवढेच त्यावरून कळते. साखळी अखंड आहे की नाही, हे कळत नाही. वारसाचा फेरफारच गहाळ असेल, तर त्या वारसाने पुढे केलेली विक्री कशाच्या आधारे नोंदवावी? लॉगचेही तसेच आहे. ४१२ क्रमांकाची फाईल नसेल, तर ४१३ पासूनच्या फाईली असून नसल्यासारख्याच.

म्हणून स्वतंत्र संगणकावर प्रत्यक्ष पुनर्स्थापना करून पाहणे आवश्यक ठरते. प्रथम संपूर्ण प्रत बसवावी, नंतर लॉग क्रमाने उलगडून लागू करावेत. सकाळी ११.२० वाजता चुकीने नोंदी पुसल्या गेल्या असतील, तर ११.१९ पाशी थांबता येते. उलगडलेल्या फाईलींना मूळ आकाराएवढी जागा लागते, हे पुष्कळदा ऐनवेळी ध्यानात येते. शिवाय लॉग ज्या आवृत्तीच्या डेटाबेसने लिहिला, बहुधा तीच आवृत्ती तो वाचू शकते; तेव्हा तिची प्रतही त्याच दप्तरात ठेवावी.