विशेषणाचे माप

'चहा गरम आहे' या वाक्यातून चहाचा गुण कळतो. पण तो किती गरम, हे कळत नाही. 'जरा गरम', 'बराच गरम', 'फार गरम' असे म्हटले म्हणजे त्या गुणाचे माप कळते. असे माप सांगणाऱ्या शब्दांना परिमाणवाचक क्रियाविशेषणे म्हणतात. ती इंग्रजीतही पुष्कळ आहेत. परंतु मराठी विद्यार्थी इंग्रजी लिहू लागला म्हणजे 'व्हेरी', 'टू' आणि 'इनफ' या तीन शब्दांपाशी अनेकदा अडखळतो.

अडखळण्याचे कारण मराठीतच आहे. आपला 'फार' हा शब्द दोन कामे करतो. 'आंबा फार गोड आहे' येथे तो केवळ गोडीचे आधिक्य सांगतो. 'सदरा फार मोठा आहे, अंगाला बसत नाही' येथे तोच शब्द प्रमाणाबाहेरचा मोठेपणा सांगतो. मराठीत संदर्भावरून अर्थ उमगतो. इंग्रजीने मात्र ही कामे दोन शब्दांत वाटून दिली आहेत. नुसते आधिक्य सांगावयाचे असल्यास 'व्हेरी' आणि हवे त्यापेक्षा जास्त असे सांगावयाचे असल्यास 'टू'. खीर 'व्हेरी स्वीट' आहे असे पाहुणा म्हणाला, तर ती फार गोड आहे एवढाच अर्थ होतो. 'टू स्वीट' म्हणाला, तर साखर जास्त झाली अशी ती तक्रार ठरते.

हा भेद केवळ परीक्षेतील गुणांपुरता नाही. औषधाची मात्रा 'व्हेरी स्मॉल' आहे, म्हणजे ती अगदी थोडी आहे. काही औषधे तेवढीच द्यावयाची असतात. 'टू स्मॉल' म्हटले, तर मात्रा अपुरी आहे, ती वाढवावी, असा अर्थ निघतो. येथे एका शब्दाच्या चुकीने रोग्याला अपाय होऊ शकतो.

'टू' या शब्दात पुष्कळदा नकार दडलेला असतो. 'द बॉक्स इज टू हेवी टू लिफ्ट' म्हणजे पेटी इतकी जड आहे की ती उचलवत नाही. वाक्यात नकारार्थी शब्द नाही, तरी अर्थ नकाराचा आहे. येथील दुसरा 'टू' हा निराळा शब्द असून तो पुढील क्रियापदाशी जोडलेला आहे.

'इनफ' म्हणजे पुरेसा. मराठीत आपण 'पुरेसा उंच' म्हणतो, म्हणून विद्यार्थी 'इनफ टॉल' लिहितात. इंग्रजीत हा शब्द विशेषणाच्या मागून येतो : 'टॉल इनफ'. नामाच्या बाबतीत मात्र तो सामान्यतः आधी येतो : 'इनफ वॉटर'.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तुलनादर्शक विशेषणापूर्वी 'व्हेरी' चालत नाही. 'व्हेरी गुड' शुद्ध. पण 'व्हेरी बेटर' अशुद्ध. तेथे 'मच बेटर' असे लिहावे.

दुकानदाराने तराजू नीट धरावा, तसे बोलणाऱ्याने हे शब्द जपून वापरावेत. माप चुकले की खरी गोष्टही खोटी ठरते.

स्वाध्याय

१. पुढील वाक्यांतील 'फार' या शब्दासाठी इंग्रजीत 'व्हेरी' येईल की 'टू', ते सकारण सांगा.
(अ) गडाची वाट फार अवघड होती, तरी मुले आनंदाने वर गेली.
(आ) दोर फार आखूड आहे; घागर पाण्यापर्यंत पोहोचत नाही.

२. शुद्ध करा : 'इनफ वॉर्म', 'व्हेरी टॉलर'.

३. 'फार' हा शब्द दोन्ही अर्थांनी योजून मराठीत प्रत्येकी दोन वाक्ये लिहा.