गूगलवरून दुकान गायब झाले, तर?

प्रश्न : आमच्या साड्यांच्या दुकानाची वेबसाइट नव्याने करून घेतली आणि ती गूगलवर दिसेनाशी झाली. लिंक विकत घ्याव्यात का? – एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : मुळीच नाही. नव्या बांधणीनंतर लगेच घसरण झाली, म्हणजे आधी बांधणीच तपासायला हवी. गूगलच्या सर्च कन्सोलमधला पानांचा अहवाल उघडा. तिथे ‘नोइंडेक्स’ दिसले, तर काम चालू असताना लावलेली मनाई बहुधा काढायची राहून गेली आहे. ‘४०४’ दिसले, तर पत्ते बदललेत. उदाहरणार्थ, करवत काठी साड्यांच्या जुन्या पानाचा पत्ता ३०१ रीडायरेक्टने करवत काठीच्याच नव्या पानाकडे वळवा. सरसकट सगळे मुखपृष्ठाकडे ढकलू नका. हे रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा, असे गूगलच सांगते. मग साइटमॅप पुन्हा सादर करा.

‘इतर दुकाने लिंकांच्या जोरावरच वर आहेत’, असे कुणी म्हणेल. पण जे पान इंडेक्समध्येच नाही, ते लिंक वर कशी नेणार? शिवाय क्रमवारीसाठी लिंक विकत घेणे गूगलच्या स्पॅमविरोधी धोरणात बसत नाही. दुरुस्तीचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. तोवर पत्ते पुन्हा बदलू नका.