नोकरी सांभाळून पॅरामेडिकची पदवी

प्रश्न : मी डिप्लोमा करून खासगी हॉस्पिटलच्या रुग्णवाहिकेवर काम करतो. घर माझ्या पगारावर चालतं. दूरस्थ पद्धतीने पदवी घ्यावी का?

उत्तर : घेऊ नका. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून यूजीसीने आरोग्यसेवा व्यवसायांच्या २०२१ च्या राष्ट्रीय कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवायला मनाई केली आहे. ‘घरबसल्या पदवी’ म्हणून कोणी प्रवेश देत असेल, तर एक रुपयाही भरू नका. मनाई मला योग्य वाटते. लॅरिंजोस्कोप धरून श्वासनलिकेत नळी घालणं व्हिडिओ पाहून येत नाही. आधी पुतळ्यावर, मग शिक्षकाच्या देखरेखीखाली हात बसावा लागतो.

नियमित कॉलेजात पदवी करायची असेल, तर वेळेचा हिशेबही आधी मांडा. याच कायद्यानुसार हेल्थकेअर प्रोफेशनलसाठी पदवी किमान ३,६०० तासांची, तीन ते सहा वर्षांत पूर्ण होणारी असावी लागते. तीन वर्षांत करायची तर वर्षाला १,२०० तास. कायमची रात्रपाळी मिळाली तरी दिवसा कॉलेज करून रात्री रुग्णवाहिकेवर जागणं फार काळ जमत नाही, आणि पेंगुळलेल्या माणसाच्या हातून औषधाची मात्रा चुकू शकते. त्यामुळे पाळ्या कमी करून मिळतील का, हे हॉस्पिटलला आधी विचारा.

कॉलेजकडून दोन गोष्टी लेखी घ्या : डिप्लोमावर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो का, आणि नोकरीतला अनुभव प्रात्यक्षिकात धरतात का. तोंडी आश्वासनावर राजीनामा देऊ नका.