जलमापनातील रूपांतर-गुणक : दुरुस्तीची सुरक्षित पद्धत

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण येथे १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा मूळ आराखड्यानुसार २,१७१ दशलक्ष घनमीटर (दलघमी) आहे. टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, तो सुमारे ७६.७ भरतो, कारण एक टीएमसी म्हणजे २८.३१७ दलघमी. विसर्ग मोजताना मात्र एक क्युसेक म्हणजे ०.०२८३१७ घनमीटर प्रतिसेकंद. अंक तेच, दशांशचिन्हाची जागा निराळी.

संगणकाच्या आज्ञावलीत अशा गुणकाला नुसते 'टीएमसी' हे नाव दिले, तर त्याने गुणावे की भागावे, याचा उलगडा होत नाही. गुणण्याऐवजी भागल्यास उत्तर सुमारे आठशे पटींनी चुकते. १९९९ साली अमेरिकेचे 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान एककांच्या गोंधळामुळेच गमावले गेले.

तथापि दुरुस्तीची घाईही घातक ठरते. जुने नाव एकाएकी काढल्यास त्यावर विसंबलेले हिशेब बंद पडतात. त्याच नावाखाली नवे मूल्य घातल्यास चुकीची उत्तरे बिनबोभाट येत राहतात.

यास्तव प्रथम 'टीएमसीचे दलघमी' असे दिशादर्शक नवे नाव द्यावे. जुने नाव जुन्याच मूल्यासह काही काळ चालू ठेवावे व ते वापरताच सूचना दिसावी. जायकवाडीच्या ज्ञात आकड्यांवर दोन्हींची उत्तरे ताडून पाहावीत. सर्व हिशेब नव्या नावाकडे वळल्यावरच जुने काढावे.

पाणीवाटपाचे निर्णय या आकड्यांवर होतात. म्हणून ग्रामपंचायतीच्या तक्त्यातही प्रत्येक आकड्यापुढे त्याचे एकक लिहिलेले असावे.